अक्काच्या पोटावरची जाळी

अक्काच्या पोटाचे टाके उघडले तेव्हा ती मला सांगत होती, की शाळेला पंखा मिळवण्यापेक्षा पंख्याच्या उद्घाटनाला पाहुणा मिळवणं सोपं असतं. वाक्य संपायच्या आत तिला खोकला आला. तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "काहीतरी ओलं लागतंय रे."

मी चादर उचलली आणि परत टाकली. नर्सला हाक मारली ती कोणत्या शब्दांत, ते आठवत नाही. हाक मारल्यावर सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता, एवढं आठवतं.

अक्का माझी थोरली बहीण. एरंडोलजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका. लग्न करून गेली, नवरा लवकर वारला, परत आली. आई आधीच गेलेली होती. मला वाढवण्यात आणि शिकवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. जळगावच्या कॉलेजात मी इतिहास शिकवत होतो तो तिच्या जिवावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. तो तिने शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत अंगावर काढला, आणि आतड्याला भोक पडलं. जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात तातडीने ऑपरेशन झालं. भोक शिवलं, पोट धुतलं, पोट शिवलं. पण आत पू झाला होता, आणि पुवात टाके टिकत नाहीत.

सर्जनने मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. बारीक अंगाचा, कायम घाईत असलेला माणूस, पण त्या दिवशी सावकाश बोलला.

"आतले टाके कॅटगटचे होते. नावात मांजर असलं तरी तो मेंढीच्या आतड्याचा दोरा असतो. शरीरात विरघळतो, पण पू असला की वेळेआधीच विरघळतो. आता कडा इतक्या कुजल्यात की नवा टाका धरणार नाही. आतडी फुगलेली. ओढूनताणून शिवलं तर श्वास कोंडेल."

"मग?"

"हर्नियाला लावतात ती प्लास्टिकची जाळी माझ्याकडे आहे. पण ती कायमची. पुवात टाकली तर पू तिच्यात घर करतो, मग ती काढायला परत पोट उघडा. विरघळणारी जाळी हवी." त्याने आसपास बघितलं. दवाखान्याच्या नव्या मजल्याचं काम चाललं होतं. "ते बघा, स्लॅबखाली सेंटरिंग लावलंय ना? सिमेंट धरेपर्यंत फळ्या, मग काढून घ्यायच्या. ही जाळी तसंच करते. आतडी आत धरून ठेवते, तेवढ्यात तिच्यातून शरीराचं मांस वाढतं. मांस धरलं की जाळी आपोआप विरून जाते. पुढे तिथे हर्निया होणार, फुगा येणार. तो नंतर बघू. आधी माणूस राहू दे."

"जाळी कुठे मिळेल?"

"मुंबईत. मिळाली तर."

अक्काच्या पोटावर सलाईनने भिजवलेले पॅड ठेवले होते. आतडी कोरडी पडू द्यायची नव्हती. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन पॅड ओले करून जायचं, आणि कुणी आलं नाही की मी करायचो. अक्काला गुंगीचं औषध होतं, पण तिची जीभ गुंगीत जात नसे.

"आत काय दिसतं रे?"

"काही नाही. पॅड दिसतात."

"पॅडच्या खाली?"

"मी बघितलं नाही."

"इतिहासवाले तुम्ही. समोर असतं ते बघायचं नाही." मग डोळे मिटून म्हणाली, "वर्गात आरसा आणायला मनाई आहे, इथे नसेल. आण एखादा."

मी आरसा आणला नाही.

दवाखाना एका ट्रस्टचा होता. ट्रस्टचे अध्यक्ष सरकीच्या तेलाचे व्यापारी, दिलदार माणूस. हे मी उपरोधाने म्हणत नाही. गावातला निम्मा गरीब त्यांच्या दवाखान्यात बरा झाला असेल. फक्त दान गुपचूपही करता येतं, ही गोष्ट त्यांना कुणी कळू दिलेली नव्हती. दवाखान्यात पाण्याच्या माठावर दात्याचं नाव होतं, बाकावर होतं, स्ट्रेचरच्या दांडीवर होतं. रुग्णवाहिकेवर ते "रुग्णवाहिका" या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरात होतं. रस्त्यावरच्या माणसाला आत कोण मरतंय ते कळत नसे, पण कोणाच्या कृपेने मरतंय ते कळत असे.

मी त्यांच्या पेढीवर गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि माझ्यासमोर मुंबईच्या आपल्या आडत्याला फोन लावला. "विरघळणारी जाळी. हो, जाळी. पोटात बसवायची. अरे बाबा, मासे धरायची नाही! डॉक्टरांशी बोल, नाव लिहून घे. किंमत विचारू नको. आज संध्याकाळच्या अंगडियाबरोबर निघाली पाहिजे." फोन ठेवून म्हणाले, "बाईंनी माझ्या ड्रायव्हरची पोरं शिकवलीत. काळजी करू नका, भाऊ."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी मला वरच्यावर धरलं. असा माणूस होता.

सोनं आणि रोकड नेणाऱ्या अंगडियाने दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी आणली. चांदीच्या रंगाचं चपटं पाकीट. सर्जनने ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "मोठी आहे," तो म्हणाला. "पूर्ण झाकेल." अक्काला तासाभरात आत घ्यायचं ठरलं. तेवढ्यात पेढीवरून निरोप आला, की अध्यक्ष येताहेत, थोडं थांबा.

आमच्या भागात नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची पद्धत नाही. ट्रॅक्टर आला की त्याला हळदकुंकू, विहिरीवर मोटर बसली की तिला हळदकुंकू. दवाखान्यात एक्स-रेचं मशीन आलं तेव्हा त्याच्या काचेवर स्वस्तिक काढलं होतं, आणि म्हणे पहिल्या काही छात्यांत ते उमटलं. खानदेशात विरघळणारी जाळी पहिल्यांदा येत होती, निदान अध्यक्षांची तशी समजूत होती. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर टेबल मांडलं गेलं, त्यावर सॅटीनचं कापड, चांदीचं ताट, ताटात पाकीट. विश्वस्त आले, दोघांच्या सौभाग्यवती आल्या, आणि गावातल्या दैनिकाचा फोटोग्राफर आला.

"पेशंटचे नातेवाईक कोण? नारळ त्यांच्या हातून," कुणीतरी म्हणालं, आणि नारळ माझ्या हातात आला.

आम्ही बौद्ध. वडिलांनी धम्म घेतल्यापासून आमच्या घरात नारळ फुटला तो चटणीसाठी. पण मला त्या दिवशी कुणी लोटांगण घालायला सांगितलं असतं तर मी कुठल्या दिशेला एवढंच विचारलं असतं. मी नारळ फोडला. पाणी ताटभर उडालं. हळदकुंकू वाहिलं गेलं. सगळ्यांनी हात जोडले.

मग फोटोग्राफर अध्यक्षांना म्हणाला, "भाऊ, हे नुसतं पाकीट दिसतंय. टूथपेस्टची जाहिरात वाटेल."

"मग?"

"जाळी हातात धरा ना. उजेडाकडे."

अध्यक्षांनी पाकीट फाडलं.

आतल्या आवरणातून जाळी निघाली. जांभळट, पातळ, मऊ. त्यांनी ती दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरली, फ्लॅश उडाला, पुन्हा एकदा उडाला. मग ती विश्वस्तांच्या हातांतून फिरली.

"मच्छरदाणीच की हो!"

"एवढ्याशा तुकड्याला मुंबई?"

"हिला एक बोट कुंकू लावा, मूळ वस्तूची पूजा राहिलीच." एका सौभाग्यवतींनी लावलं, आणि जाळी ताटात नारळाच्या पाण्यात ठेवली.

थिएटरच्या दाराला गोल काच होती. काचेमागे सर्जन उभा होता, हात धुऊन, कोपरांतून वर धरून, तोंडाला फडकं. मला त्याचे फक्त डोळे दिसत होते. पाकीट फाटलं त्या क्षणापासून ते डोळे ताटावर होते. तो दार ढकलेल असं वाटलं. ढकललं नाही. त्याच दारावर, बाहेरच्या बाजूने, अध्यक्षांच्या मातोश्रींचं नाव होतं.

टाळ्या झाल्यावर थिएटरची नर्स ताट आत घेऊन गेली. पेढे वाटले गेले. मला अजून काहीच कळलेलं नव्हतं. मी पेढा खाल्ला.

अक्काला आत न्यायला कुणी येईना. मी वॉर्डात गेलो.

"नारळ कोणी फोडला?" तिने विचारलं. "आवाज आला."

"मी."

"बाबांना सांगू नको." बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती हसली, आणि हसल्यामुळे पोट दुखून तिने ओठ चावला. "चांगला फुटला का?"

"एका दमात."

"मग ठीक. करायचं तर नीट करावं."

जेवणाची वेळ उलटून गेल्यावर सर्जन बाहेर आला. हातात स्टीलची, किडनीच्या आकाराची ट्रे होती. त्याने मला कोपऱ्यात नेलं. ट्रेमध्ये आखडलेलं, कडक झालेलं काहीतरी होतं. त्याने दोन चिमट्यांनी त्याची दोन टोकं धरली आणि हलकेच ओढलं. भिजलेला पापड फाटावा तसं ते फाटलं.

"काय आहे हे?"

"जाळी. हळदीकुंकवासकट पोटात घालता येत नव्हती, म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घातली. वाफेत. आम्ही सगळंच घालतो, हातमोजेसुद्धा धुऊन पावडर लावून परत वापरतो. प्लास्टिकची जाळी वाफेतून चांगली निघते, एकीचे चार तुकडे चार पेशंटना होतात. ही निघत नाही. हिला पाणीच विरघळवतं, म्हणून ती इतकी कोरडी, सीलबंद येते. मला माहीत होतं."

"माहीत होतं, तर घातली का?"

"दुसरं काय करणार होतो?" तो म्हणाला. "वाटलं, एकदा बघावं."

मी त्याच्यावर ओरडलो नाही. ओरडायला अंगात काहीतरी लागतं. मी विचारलं, आता?

दुसरी जाळी मागवली तर परवा, तेरवा. अक्काला ताप चढला होता. उघड्या आतड्यांना परवा-तेरवा कळत नाही. धुळ्याला सर्जनच्या ओळखीच्या एक बाई होत्या, त्याही सर्जन. त्यांच्याकडे असली तर असेल. फोन लागेना. शेवटी लागला, आणि तो नुसतं "हो, हो, किती? हो" म्हणत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक आहे. लहान आहे. निघा."

मोठ्या अक्षरांच्या त्या रुग्णवाहिकेतून आम्ही निघालो. भर उन्हाची वेळ, पत्रा तापलेला, खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडाचा. सोबतची नर्स पाळधीच्या पुढे उलट्या होऊन ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. मागे मी, अक्का आणि सलाईनच्या बाटल्या. पॅड सुकू द्यायचे नव्हते, आणि त्या उन्हात ते बघता बघता सुकत होते. मी ओतत होतो. ओतायचं, हाताने चाचपायचं, पुन्हा ओतायचं. सकाळी ज्या पाण्याने आमची आशा बुडवली होती, तेच आता बाटलीबाटलीने तिच्या पोटावर ओतणं हे माझं काम होतं. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या पोटावर दोन्ही तळवे पसरून वाकत होतो, आणि तळव्यांखाली काहीतरी जिवंत हलत होतं. बघायचं नाही म्हणत आलो होतो, ते आता हाताला लागत होतं.

एरंडोलच्या आसपास तिची भाषा बदलली. माझ्याशी ती नेहमी शाळेतली मराठी बोलायची, माझी भाषा बिघडू नये म्हणून. आता तापात तिच्या तोंडून आईची अहिराणी निघू लागली.

"घंटा वाजनी का?"

"नाही अजून."

"मंग पोरे कोठे गयात बठ्ठा?"

"सगळी वर्गात आहेत, अक्का."

"पानी नको टाकू. माले थंडी वाजस."

"थोडंच टाकतो."

"तू कोन शे?"

मी सांगितलं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. पारोळ्याच्या पुढे तर ती बोललीच नाही, आणि मी तिचा श्वास मोजायचं सोडून दिलं, कारण मोजण्यात पॅडवरचं लक्ष जात होतं.

धुळ्याच्या सर्जनबाई फाटकापाशीच उभ्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, कपाळावर आठी. अक्काला सरळ आत घेतलं. हात धुता धुता त्यांनी मला विचारलं, "जळगावला मोठी जाळी आली होती म्हणतात. मग?"

मी सांगितलं. पूजा, फोटो, ताट, वाफ.

"नारळाच्या पाण्यात?"

"हो."

त्या कोपरापर्यंत साबण चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडची मुंबईच्या एका परिषदेत मिळाली. पिशवी, पेन आणि ही. नमुना म्हणून. भोक मोठं असणार, ती पुरणार नाही. पण बंद आहे."

ती पुरली नाही. मधला सगळा भाग झाकला गेला, उजवी कड झाकली गेली. डाव्या बाजूला चार बोटांची पट्टी उघडी राहिली. तिथे त्यांनी जमेल तशी कातडी ओढून टाके घातले, आणि त्या टाक्यांबद्दल मला काहीच आश्वासन दिलं नाही. मला त्यांचं ते बरं वाटलं.

ताप उतरला. अक्का माणसांत आली. रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना बाई मला आत बोलावत, आणि आता मी बघत असे. जांभळ्या जाळीच्या भोकाभोकांतून लाल, डाळिंबाच्या दाण्यासारखं मांस वर येत होतं. जाळी दिवसेंदिवस पुसट होत होती. मी आयुष्यात राजवाडे पाहिलेत, लेणी पाहिलीत. तेवढ्या आशेने मी काहीही न्याहाळलेलं नाही. मांस आधी पूर्ण होतं की जाळी आधी संपते, एवढाच प्रश्न होता, आणि मधल्या भागात मांस जिंकत होतं.

त्याच सुमारास चहावाल्याकडे जळगावचं दैनिक हाती लागलं. आतल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दोन्ही हातांत जाळी, मागे खिडकी. खाली छापलं होतं: अत्याधुनिक जाळीमुळे शिक्षिकेस जीवदान. मी तो अंक लपवायला हवा होता. पण अक्काला छापील कागद लांबूनही दिसायचा.

तिने चष्मा मागितला, बातमी वाचली, फोटो बघितला.

"मी वाचले म्हणे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. अक्काने अंक तिच्याकडे दिला. "घ्या आजी, तुम्हीही वाचून घ्या, काय माहीत तुम्हीपण वाचल्या असाल."

डाव्या बाजूचे टाके दुसऱ्या आठवड्यात सुटले. त्या चार बोटांच्या पट्टीतलं उघडं आतडं चिरलं गेलं आणि त्यातून हिरवट पाणी झिरपू लागलं. बाईंनी ते बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. ते पाणी कातडी जाळतं, जे खावं ते तिथूनच बाहेर पडतं. माणूस आतून वाळत जातो. शिरेतून पुरेल एवढं पोषण देण्याची सोय तेव्हा धुळ्यात नव्हती, आणि मुंबईला हलवण्यासारखी ती राहिली नव्हती. दुसरी जाळी मागवून बघितली. आली. ती शिवायला तिथे कडच उरली नव्हती.

अक्काला सगळं कळत होतं. एकदा म्हणाली, "डाव्या बाजूला नापास झाले ना मी?" मी म्हणालो, तसं काही नाही. ती म्हणाली, "खोटं बोलताना तू अजून कान खाजवतोस."

मग तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. एका दुपारी, मी पॅड बदलत असताना, ती गेली. माझे हात तिच्या पोटावर होते आणि खालची हालचाल थांबली. आधी मला वाटलं पॅड नीट बसला.

सर्जनबाईंनी शेवटचं ड्रेसिंग स्वतः केलं. मधला भाग पूर्ण भरला होता. तिथे जाळी दिसतही नव्हती, नुसतं तिचं स्वतःचं मांस. त्या त्याच्यावर बोट ठेवून उभ्या राहिल्या. "इथे आतड्याला काही झालं नाही बघा," त्या म्हणाल्या, जणू त्यांना ते कुणाला तरी दाखवायचंच होतं. मग डाव्या बाजूवर पट्टी बांधली.

जळगावला आल्यावर काही दिवसांनी अध्यक्ष माझ्या खोलीवर आले. एकटे, गाडी लांब उभी करून. खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले. त्यांचे डोळे सुजलेले होते, ते दुःख दाखवायचं नव्हतं. म्हणाले, "एवढी महागाची जाळी आणली, भाऊ. तीही कामाला आली नाही. वस्तू खराब निघाली का?"

तेव्हा मला समजलं, की त्यांना काहीच माहीत नाही. महिना उलटला होता. दवाखान्यातल्या झाडूवाल्यापासून सर्वांना माहीत होतं, फक्त त्यांना नव्हतं.

मी सांगितलं. आवाज न चढवता, पहिल्यापासून, वर्गात सांगतो तसं. पाकीट, पाणी, वाफ, लहान जाळी, चार बोटांची पट्टी. त्यांच्यासमोरच्या चहावर साय धरली.

"डॉक्टर कुठे होते?" त्यांनी शेवटी विचारलं. "मी फाडत होतो तेव्हा?"

"दारामागे. बघत होते."

"त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"मग मला थांबवलं का नाही?" हा प्रश्न त्यांनी खरोखर, लहान मुलासारखा विचारला. "एक शब्द बोलले असते. मी काय वाघ आहे?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला थांबवायची आपल्याकडे पद्धत नाही, भाऊ."

ते सतरंजीची दशी बोटांत धरून बसले. उठताना मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, भिंतीला धरून उठले. दारात त्यांना चपला सापडेनात. समोरच होत्या. मी त्या सरकवून दिल्या.